शाहूपुरी ते राजारामपुरी : १९ टीबी हलवल्याच्या नोंदी

५ मे २०२५, सोमवार

जुना नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फायली पुरवणारा हार्ड डिस्कांचा डबा, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत, तळमजल्यावर. व्हीनस कॉर्नरपासून चालत चार मिनिटं. ऑगस्ट २०१९ मध्ये गल्लीत पाणी आलं तेव्हा हा डबा नव्हता. हार्ड डिस्कची खोकी माळ्यावर फेकून आम्ही बाहेर पडलो. जुलै २०२१ ला डबा होता. तो उचलून वरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, गव्हाच्या पिंपाशेजारी आठ दिवस ठेवला होता. यंदा मालकांनी राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि मला मुदत दिली : "राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट व्हायच्या आत सगळं वर गेलं पायजे. मग तू कसं न्हेतोस ते तुझं तू बघ." ४३ फूट म्हणजे पंचगंगेची धोक्याची पातळी. मी जूनचा पहिला आठवडा धरून चाललोय.

जुना डबा चार डिस्कचा, रेड ५ (एक डिस्क मेली तरी माल टिकतो). नवा सहा डिस्कचा, प्रत्येकी १२ टीबी, रेड ६ (दोन मेल्या तरी टिकतो). म्हणजे वापरायला ४८ टीबी. तो आजच खोक्यातून काढला आणि जुन्याच्या शेजारी टेबलावर मांडला. पॅरिटीची, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा माल परत काढायला लागणाऱ्या जादा हिशेबाची, बांधणी मागे चालू आहे. ती चालू असताना कॉपी लावली तर दोन्ही कामं रडतखडत होतात, म्हणून दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

आज फक्त मोजदाद. एकूण १९.४ टीबी. डब्याच्या पडद्यावर १७.६ दिसतंय, त्यावरून मालक घाबरले : "पावणेदोन टीबी गेलं कुठं?" कुठंही गेलेलं नाही. डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात, डबा १०२४ च्या पटीत मोजतो आणि दोघंही टीबीच लिहितात.

यातलं १६.९ टीबी व्हिडिओ. उरलेले फोटो. फायली साडेतेवीस लाख! हा आकडा मला अपेक्षित नव्हता. वेगळं काढून पाहिलं : त्यातल्या २१ लाख अगदी बारक्या आहेत, सरासरी दीडशे केबीच्या. फोटो सॉफ्टवेअरची प्रिव्ह्यू, एडिटिंगची कॅश (तात्पुरत्या प्रती), थंबनेल. वजन सगळं मिळून ३२० जीबी. शेकडा दोनही नाही. हे पुढं नडणार असं वाटतंय.

पर्याय लिहून ठेवतो. दोन्हीकडं इंटरनेट आहे, अपलोड १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १२.५ एमबी). १९.४ टीबीला बरोबर अठरा दिवस, तेही लाइन एकदाही न पडता. बाद. एका गिगाबिट केबलवरून, खरा वेग सेकंदाला ११२ एमबी धरला तर ४८ तास. म्हणजे डबे इथंच शेजारी ठेवून भरायचे आणि भरलेला डबा गाडीतून न्यायचा. दोन्ही जागांमधलं अंतर दोनेक किलोमीटर. त्यासाठी नेटवर्क बांधत बसणं म्हणजे हौस.

७ मे, बुधवार

बांधणी झाली. पहिला प्रयोग मुद्दाम अडाणीपणाचा केला, कारण एडिटर पोरगी रोज तसंच करते : लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडायच्या, एका डब्यातला फोल्डर दुसऱ्यात ओढायचा. वायफायवर वेग अगदीच रडका. प्रत्येक बाइट जुन्या डब्यातून लॅपटॉपमध्ये येते आणि तिथून परत नव्या डब्यात जाते. एकाच हवेतून दोन फेऱ्या. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे आणि माल जातोय तिसऱ्याच्या घरून.

लॅपटॉपला केबल लावली. भरपूर वाढायला हवं होतं. झालं सेकंदाला ११.२ एमबी. एवढंच!

११.२ हा आकडा ज्यानं एकदा पाहिलाय तो विसरत नाही. हा डिस्कचा वेग नव्हे, प्रोसेसरचाही नव्हे. हा १०० एमबीपीएसच्या लिंकचा वेग आहे. स्विचवर (सगळ्या केबली एकत्र येतात ती पेटी) पाहिलं तर जुन्या डब्याच्या पोर्टचा दिवा नारिंगी, बाकीचे हिरवे. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा डबा गिगाबिटचा असून शंभरवर चालत होता आणि एडिटर "सर्व्हर स्लो आहे" म्हणत होती, तेव्हा मी तिला "तुझे प्रोजेक्टच मोठे आहेत" म्हणत होतो. तिला आज सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

केबल काढून टोक उजेडात धरलं. कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आत तपकिरी जोडीच्या दोन तारांवर हिरवट पूड जमलेली, आणि सातव्या पिनची तांब्याची पट्टी जवळजवळ खाल्लेली. पुराच्या वेळी हे टोक भिंतीच्या कडेला लोंबत राहिलं होतं. नारिंगी आणि हिरवी जोडी मात्र शाबूत. १०० ला या दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळं केबल मेलीही नाही आणि तक्रारही केली नाही, गपगुमान दहापट हळू झाली. चार बोटं केबल कापली, नव्यानं क्रिंप केली (नवं टोक दाबून बसवलं) : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आयपर्फ चालवलं : ९४१ एमबीपीएस. गिगाबिटवर हाच आकडा यायला पाहिजे.

डिस्कला, डब्याला, सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी आयपर्फ. त्यात डिस्क येतच नाही, फक्त तार मोजली जाते.

८ मे, गुरुवार

लॅपटॉप मधून काढला. जुन्या डब्यात थेट लॉगिन करून तिथूनच नव्याकडं आरसिंक (झालेलं सोडून उरलेलं नेणारी कॉपीची कमांड) सोडलं, नेहमीच्या सवयीनं एसएसएच या सुरक्षित जोडणीतून. ४६ एमबी. तार आता ठीक आहे, हे काल पाहिलंय. जुन्याचा प्रोसेसर पाहिला तर एक कोअर शंभर टक्के. एसएसएच सगळा माल कुलूप लावून पाठवतं आणि या म्हाताऱ्या प्रोसेसरला एन्क्रिप्शनसाठी हार्डवेअरची वेगळी सोय नाही. बिचारा हातानं कुलपं लावतोय. दोन डब्यांत दीड मीटर केबल, तीही माझ्यासमोर टेबलावर. ऐकणार कोण?

नव्या डब्यावर आरसिंकची सर्व्हिस चालू केली, ८७३ नंबरच्या पोर्टवर (हा केबलचा नाही, सॉफ्टवेअरचा पोर्ट), एसएसएच वगळून. १०८ एमबी. घरातल्या घरात, आपल्याच केबलवर हे चालतं. काम झालं की बंद करायचं, हे कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवलंय.

‘झेड’, म्हणजे कॉम्प्रेशनचा पर्याय लावला नाही. व्हिडिओ आणि जेपीईजी आधीच दाबलेले असतात. दाबलेलं परत दाबायला प्रोसेसर घाम गाळतो आणि हाती काही येत नाही. नेटवरच्या तयार कमांडींत तो सर्रास असतो, लोक न वाचता उचलतात.

मीही एक चूक केलीच. मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ द्यायची राहिली, त्यामुळं ‘व्हिडिओ’च्या आत आणखी एक ‘व्हिडिओ’ तयार झाला. रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरसकट जातो. वीस वर्षं हे माहीत आहे. तरी.

१० मे, शनिवार

ज्या दुकानातून स्विच घेतो तिथल्या पोराचा सल्ला : दोन्ही पोर्ट ‘बाँड’ करा (दोन तारा मिळून एक धरा), वेग डबल. करून पाहिलं. १०८ चे १०८. कुठलं पॅकेट कुठल्या तारेतून सोडायचं हे दोन टोकांच्या पत्त्यांवरून ठरतं. इथं टोकं दोनच, त्यामुळं सगळा माल एकाच तारेतून जातो आणि दुसरी तार हवा खात बसते. दहा एडिटर एकाच वेळी काम करत असतील तर बाँडचा उपयोग आहे. दोन डब्यांच्या एका कॉपीला नाही.

म्हणून स्विचच काढला. जुन्याला दोन पोर्ट आहेत, नव्याला चार. दोन केबली थेट डब्यातून डब्यात. दोन यंत्रं थेट जोडायला पूर्वी लागायची त्या क्रॉस केबलची भानगड गिगाबिटला उरलेली नाही. पहिल्या तारेला एक नेटवर्क, दुसऱ्या तारेला वेगळं, पत्ते हातानं दिले. मग दोन आरसिंक : एकात २०२१ पर्यंतचे व्हिडिओ, दुसऱ्यात त्यानंतरचे. एकूण १६५ एमबी. २१६ व्हायला हवे होते, पण जुन्या डिस्कांची हेडं दोन ठिकाणी धावतात, तेवढं सोडून द्यावं लागतं. तीन आरसिंक लावून पाहिली तर उलट १४० वर आलं. दोनच बरी.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा आकार, ९००० बाइट करून पाहिला. पाचेक एमबी वाढले. थेट केबल आहे म्हणून ठेवला, नाहीतर एवढ्याशासाठी मधल्या प्रत्येक स्विचला समजावत बसलो नसतो.

२.५ गिगाबिट किंवा १० गिगाबिटचं कार्ड जुन्याला बसतंय का, असं मालकांनी विचारलं. बसत नाही. आणि बसलं असतं तरी जुन्या डिस्का देतील तेवढंच मिळणार.

दिवसभर एडिटरना जुना डबा लागतो, मे महिना, मुहूर्तांचे दिवस. त्यामुळं कॉपी रात्री ९ ते सकाळी ९. सकाळी एक केबल परत स्विचला.

१५ मे, गुरुवार

तीन रात्री झाल्या. व्हिडिओ संपले. रात्रीला सात टीबी पडत होते, शेवटची रात्र तर मधेच मोकळी झाली. सकाळी सहाला उठून फोनवर आकडा बघायची सवय लागली. बायको म्हणते, दुधाचा रतीब घातल्यासारखं करताय.

१६ मे, शुक्रवार

काल रात्री फोटो लावले. सकाळी पाहिलं तर ३ एमबी.

तार तीच, सर्व्हिस तीच, डिस्का त्याच. बारक्या फायली लागल्या, एवढंच. प्रत्येक फायलीसाठी डिस्कचं हेड उचलून दुसरीकडं न्यावं लागतं, आणि ते एकदा नाही : फोल्डरची नोंद वाचायची, फायलीची माहिती वाचायची, मग फाइल. समोरच्या डब्यात नवी नोंद करायची, तारीख, मालक, परवानग्या लिहायच्या. फिरत्या डिस्कला असे हेलपाटे सेकंदाला शंभर-सव्वाशेच जमतात. मोजलं तर सेकंदाला वीस फायली जात होत्या. २१ लाख भागिले २० : २९ तास. सबंध १६.९ टीबी व्हिडिओला साडेअठ्ठावीस तास लागले होते! शेकडा दोन माल सगळ्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ खाणार.

उसाचा एकेक दांडा फडातून उचलून ट्रॉलीपर्यंत नेऊन कोण टाकतं? मोळी बांधतात.

पण मोळी बांधायच्या आधी पाचट काढायचं. या २१ लाखांतल्या १६ लाख फायली निव्वळ प्रिव्ह्यू आणि कॅश आहेत. मूळ फोटो असले की सॉफ्टवेअर त्या परत बनवतं. एडिटरसोबत बसून एकेक फोल्डर तपासला. ती म्हणाली, "दादा, ह्या बनायला पहिल्यांदा वेळ लागंल, पण लागू दे." मालकांना मात्र ‘डिलीट’ हा शब्दच सोसत नाही. पुसणार नाही, जुन्यात राहू दे, फक्त नेणार नाही, असं म्हटल्यावर मान हलली.

उरल्या पाच लाख, ९० जीबी. त्या टारमधून : जुन्या बाजूला सगळ्या फायलींची एक सलग धार करायची, ती थेट तारेत सोडायची, नव्या बाजूला धार फोडून परत फायली करायच्या. मधे कुठंही टार फाइल साठत नाही. प्रत्येक फायलीमागं दोन डब्यांत होणारी ‘हाय का? न्हाई. मग घे’ ही बोलणी वाचतात. हेडचे हेलपाटे राहतातच, पण अंदाज अडीच तासांचा आहे. आज रात्री.

१७ मे, शनिवार

काल साडेनऊला वळीव. गारा, वारा, आणि लाइट गेली. यूपीएसनं वीस मिनिटं धरलं, मग दोन्ही डब्यांनी ठरल्याप्रमाणं स्वतःला बंद करून घेतलं. लाइट बाराला आली.

टारची धार तुटली की तुटली. कुठवर आलं होतं हे त्याला आठवत नाही, पहिल्यापासून सुरू. आरसिंक असतं तर झालेलं सोडून पुढं गेलं असतं. म्हणून सुधारणा : सगळ्या फोटोंची एक धार नाही, वर्षवार अकरा धारा. तुटली तर एका वर्षाचं नुकसान. पहाटे तीनला संपलं. त्यावरून एकदा आरसिंक फिरवलं, कुठंतरी राहून गेलेल्या दोन फायली त्यानं पकडल्या.

आज रात्री ९ पासून सोमवारी सकाळी ९ पर्यंत कुणी डब्याला हात लावणार नाही. दोन्हीकडचा प्रत्येक बाइट वाचून चेकसम (फायलीतल्या बाइटवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळवायचा. यात तारेला काही काम नाही, दोन्ही डबे आपापल्या डिस्का वाचतात. जुना प्रोसेसर बघता ३६ तासांत जेमतेम बसेल.

१९ मे, सोमवार

बसलं. साडेसात लाखांच्या आसपास फायलींत तीन जुळल्या नाहीत, तिन्ही एडिटरच्या चालू प्रोजेक्टच्या. कॉपी झाल्यावर तिनं त्यात काम केलंय. ते शेवटच्या फेरीत येईल.

जुन्या डब्याची तीन नंबरची डिस्क मात्र बिथरलीय. ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा, आकडा गेल्या सोमवारी शून्य होता, आज ४८. आठवडाभर ती डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा वाचली. एरवी पाच वर्षांत कुणी तिचा तो भाग उघडला नव्हता. पॅरिटीनं निभावून नेलं. आणखी एक डिस्क अशीच रुसली असती तर मी आज हे एवढं शांतपणे लिहीत नसतो. यापुढं जुन्यावरून फक्त नवीन बदल उचलायचे, सबंध वाचन नाही.

२१ मे, बुधवार

एडिटरच्या कपाटातल्या सुट्या यूएसबी डिस्का. मुळात या कामात नव्हत्या, मालक म्हणाले, "चाललंयच तर त्याबी घे." त्यातल्या दोन जुन्या मॅकच्या, एक विंडोजची. यांनी दोन दिवस खाल्ले, आणि वेगामुळं नाही.

मॅकच्या डिस्कवरून आरसिंक झालं. त्यातला बराच माल नव्या डब्यात आधीच होता, म्हणजे वगळला जायला हवा होता. काही फोल्डर वगळले गेले, काही दोनदोन दिसायला लागले. ‘हळद’ एक. ‘लग्न’ एक. ‘दुसऱ्या दिवशी’ दोन. ‘वऱ्हाड’ दोन. ‘पन्हाळा प्रीवेडिंग पायऱ्या’ दोन. एकाच फोल्डरात एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, तरी समोर होते.

अर्धा तास नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं की दोनदोन झालेल्या प्रत्येक नावात ‘ऱ’ आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देण्याच्या पद्धतीत, ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक सबंध अक्षर, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन अक्षरं. दिसायला तंतोतंत सारखे. जुन्या मॅकची फाइल सिस्टीम नावं साठवताना फोडून साठवते, म्हणजे र अधिक नुक्ता. विंडोजवर टाइप केलेल्या नावात सबंध ‘ऱ’. डबा फक्त बाइट बघतो : एकीकडं तीन बाइट, दुसरीकडं सहा. त्याच्या लेखी ही दोन वेगळी वऱ्हाडं.

आरसिंकमध्ये यावर इलाज आहे : ‘आयकॉन्व्ह’ नावाचा पर्याय, त्यात मॅकची यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आणि साधी यूटीएफ-८ अशी जोडी द्यायची, वाटेत नाव बदलून जातं. एडिटरच्या मॅकमध्ये आलेलं आरसिंक फार जुनं, त्यात हा पर्यायच नाही. नवं टाकावं लागलं. दुसरे फोल्डर काढले, परत चालवलं, ‘वऱ्हाड’ एक झालं. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनांत हे सहसा सापडणार नाही, ‘ऱ’ आपलाच आहे. त्यांच्याकडं फ्रेंच अक्षरांवरच्या टिकल्यांची उदाहरणं असतात, रोग तोच.

विंडोजच्या डिस्कवरच्या चौदा फायली ‘नाव फार लांब’ म्हणून परत आल्या. लिनक्सच्या डब्यात एका नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला तीन. म्हणजे आपल्याला ८५ च. विंडोज बाइट मोजत नाही, त्यामुळं तिथं चाललं होतं. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’पासून सुरू होऊन दोन्ही घराण्यांची नावं, गाव, मंगल कार्यालय आणि ‘फायनल नवीन खरी फायनल’पर्यंत गेलं की ८५ कधीच संपतात. एडिटरला सांगितलं, नावात तारीख आणि आडनावं, बाकी पत्रिकेत. बघू किती दिवस पाळते.

२४ मे, शनिवार

गेले चार दिवस पाऊस थांबेना. मे आहे की आषाढ कळत नाही. मालकांचा दिवसातून तीनदा फोन. जूनचा पहिला आठवडा विसरायचा, सोमवारी हलवतोय.

रोज रात्री आरसिंकची फेरी चालू आहे, फक्त बदललेलं. काल ३८ जीबी, सात मिनिटं. ‘डिलीट’चा पर्याय पहिल्यांदाच लावला, जुन्यात पुसलेलं नव्यातही पुसायला. त्याआधी ‘ड्राय रन’, म्हणजे काहीही न बदलता नुसती यादी. बरं झालं : यादीत मॅकच्या डिस्कांवरून आणलेले सगळे फोल्डर होते. ते जुन्या डब्यात कधी नव्हतेच, त्यामुळं आरसिंकच्या हिशेबी फालतू. ते वेगळ्या शेअरमध्ये (नेटवर्कवर उघडलेला फोल्डर) हलवले, मगच खरी फेरी.

२६ मे, सोमवार

मान्सून काल तळकोकणात आल्याची बातमी. सकाळी आठला एडिटरना हात वर करायला लावले, जुन्याचे शेअर फक्त वाचण्यापुरते केले, शेवटची फेरी : ४ जीबी, सव्वा मिनिट, फायलींची यादी तपासायलाच दहा मिनिटं.

नव्याच्या डिस्का बाहेर काढल्या, कागदी टेपवर १ ते ६ आकडे लिहून चिकटवले, फोमच्या खोक्यात घातल्या. डब्यातच ठेवून नेलं तरी चाललं असतं असं म्हणणारे भेटतील. त्यांनी राजारामपुरीला जायच्या रस्त्यावरचे सध्याचे खड्डे पाहिलेले नाहीत. खोकं माझ्या मांडीवर, डबा मागच्या सीटवर, वर मेणकापड. पंधरा मिनिटं लागली. १९ टीबी पंधरा मिनिटांत : सेकंदाला साधारण १७० गिगाबिट. मालक गाडी चालवत होते, त्यांना सांगितलं. "मग पयल्याच दिवशी गाडीतनं का न्हाई न्हेलं?"

दुपारी एकला डबा नव्या जागी चालू. सहाही डिस्का ओळखल्या. नवी केबल, दिवे हिरवे, आयपर्फ ९४१. ८७३ ची सर्व्हिस बंद केली, कपाटावरची चिठ्ठी काढली.

जुना डबा दिवाळीपर्यंत पुसायचा नाही. तीन नंबरची डिस्क मागवलीय. ती बदलली की तो मालकांच्या घरी, वरच्या मजल्यावर, दुसरी प्रत म्हणून. रोज रात्री तिकडं फक्त बदल पाठवायचे, आणि ते मात्र इंटरनेटवरून, एसएसएचमधून. ३०-४० जीबीला १०० एमबीपीएस पुष्कळ झालं.

एडिटर संध्याकाळी म्हणाली, सर्व्हर फास्ट झालाय. प्रिव्ह्यू अजून बनतायत.